मॉरिशस: आधी पाहुणे, मग भाडेकरू, मग रहिवासी

मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे गोव्याच्या जेमतेम निम्मं. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत ६५ किलोमीटर. नकाशा पाहिला की वाटतं, एवढ्याशा बेटावर कुठेही उतरलं तरी काय फरक पडणार? पण फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. पाच रात्रींच्या पॅकेजमध्ये तो कळत नाही. निवृत्तीनंतर समुद्राकाठी फ्लॅट घ्या म्हणून मागे लागणाऱ्यांना तो सांगायचा नसतो. म्हणून हा लेख पायऱ्यापायऱ्यांनी लिहिला आहे. फक्त फिरायला जाणाऱ्यांनी पहिल्या चार पायऱ्या वाचून बॅग भरायला घ्यावी. निवृत्तीचा विचार डोक्यात असेल तर शेवटपर्यंत वाचा, आणि मधली एकही पायरी गाळू नका.

पायरी १: महिना ठरवा

हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर आहे, त्यामुळे ऋतू आपल्या उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस, मे ते ऑक्टोबर हिवाळा. हिवाळ्यातही किनाऱ्यावर दिवसा २३-२४ अंश असतात. आपल्याकडे कोकणात पावसाची झड लागलेली असते तेव्हा तिथे कोरडी, आल्हाददायक हवा असते.

याला एक मेख आहे. वर्षभर आग्नेयेकडून वारे येतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. ते आधी पूर्व किनाऱ्यावर आदळतात, मग मधल्या पठारावर चढतात आणि तिथे पाऊस टाकतात. पश्चिम किनारा पर्जन्यछायेत राहतो. पठारावरच्या क्यूरपीप गावात धुकं आणि रिमझिम असते, लोक स्वेटर घालून बसस्टॉपवर उभे असतात, आणि तासाभराच्या अंतरावर फ्लिक-आं-फ्लाकच्या वाळूत ऊन पडलेलं असतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पश्चिम किंवा वायव्य किनारा घ्या. पूर्वेकडचं बेल मार हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खुलतं. माझ्या मते सगळ्यात चांगला काळ सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर: वारा पडलेला, पाणी कोमट आणि वादळं अजून लांब.

वादळाचा हंगाम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत. खरी भीती जानेवारी ते मार्च. सरकार १ ते ४ अशा दर्जांचे इशारे देतं. तिसरा दर्जा लागला की बस बंद, दुकानं बंद, सगळे घरात. हॉटेलवाले सांगतील ते मुकाट्यानं ऐकायचं. १९६०च्या ‘कॅरोल’ चक्रीवादळानं देशातली घरं अशी भुईसपाट केली की त्यानंतर लोक काँक्रीटकडे वळले. आजची बसकी, सपाट गच्चीची घरं दिसायला फार सुंदर नाहीत, पण त्यामागे हे कारण आहे. जानेवारी २०२४च्या ‘बेलाल’मध्ये राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या.

पायरी २: कागद आणि बॅग

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावर प्रवेशाचा शिक्का मिळतो. मात्र परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा हाताशी ठेवा, अधिकारी विचारतात. निघण्याआधी प्रवासाचा डिजिटल फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. पर्यटक म्हणून एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. ऑक्टोबर २०२५पासून हॉटेल आणि पर्यटक निवासांत दर रात्री माणशी ३ युरोचं शुल्क लागू झालं आहे. पॅकेजमध्ये ते धरलं आहे का, हे एजंटला आधीच विचारा.

ई-सिगारेट बॅगेत नको, तिथे बंदी आहे. औषधांच्या बाबतीत कायदा कडक आहे. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, तीव्र वेदनाशामकं यांना तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी लागू शकते. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही मूळ पाकिटात ठेवा, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, तीत औषधाचं मूळ नाव. आंबे, कढीपत्ता, तुळशीचं रोप, बियाणं असलं काही नेऊ नका. परवान्याशिवाय झाडपाला आत जात नाही. (लेकीकडे निघालेल्या आयांना हे पटवणं कस्टमवाल्यांपेक्षा घरच्यांना जड जातं.)

प्लग इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पायांचे. अडॅप्टर मुंबईतूनच घ्या. मॉरिशसचं चलनही रुपयाच, पण त्यांचा रुपया आपल्यापेक्षा महाग आहे. पाटीवरचा भाव वाचताना हे विसरलं की संध्याकाळी हिशेब जुळत नाही. फेब्रुवारी २०२४पासून तिथे यूपीआय आणि रूपे कार्ड सुरू झालं आहे. मात्र प्रत्येक टपरीवर ते चालेल असं समजू नका, रोख ठेवा. घड्याळ दीड तास मागे घ्या.

पायरी ३: उतरायचं कुठे

मुंबईहून थेट विमानानं सुमारे सहा तास. विमानतळ आग्नेय टोकाला आहे आणि पर्यटकांची बहुतेक गर्दी उत्तरेला, ग्रां बेला. तिथपर्यंत गाडीनं तास-सव्वा तास, वाहतूक असेल तर जास्त.

ग्रां बे म्हणजे दुकानं, बार, बोटी आणि गर्दी. तरुणांना आवडतं, रात्री नऊला झोपणाऱ्यांना नाही. त्याच्या जवळच्या त्रू-ओ-बिशचा समुद्र शांत आणि उथळ आहे, आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र असतील तर तिथे जा. पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक आणि तामारें: कोरडी हवा, लांब वाळू, सूर्यास्त. नैऋत्य टोकाला ल मोर्नचा ५५६ मीटर उंच सुळका आहे. पळून आलेले गुलाम या डोंगराच्या आसऱ्याला लपत. २००८ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. आग्नेयेचं माएबूर हे जुनं, संथ गाव, विमानतळाजवळचं. तिथला सोमवारचा बाजार चुकवू नका.

बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, म्हणून किनाऱ्यालगतचं पाणी तळ्यासारखं निवांत असतं. पण दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री इथे हे कडं तुटतं आणि उघडा महासागर थेट खडकांवर आपटतो. पाहायला जरूर जा, पाण्यात उतरू नका. इतर ठिकाणी उतरताना रबरी चपला घाला. दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश आणि समुद्री साळिंदरांचे काटे, दोन्ही पायाखाली असतात. जमिनीवर मात्र माणसाला धोका होईल असा विषारी साप नाही. माणूस येण्याआधी इथे वटवाघळं सोडून एकही सस्तन प्राणी नव्हता. म्हणूनच न उडणारा डोडो इथे निर्धास्त वाढला, आणि १५९८ साली डच आल्यावर शंभर वर्षांच्या आत संपला. त्याचा सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयात आहे.

हॉटेल कितीही मोठं असलं तरी भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सार्वजनिक आहे. “खासगी बीच” म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर हे लक्षात असू द्या.

पायरी ४: फिरणं आणि खाणं

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. गाडी भाड्यानं घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असलेला बरा. बस स्वस्त आहे आणि गावोगाव जाते, पण संध्याकाळी लवकर बंद होते. जूनमध्ये पावणेसहालाच सूर्य मावळतो, त्यामुळे परतीचं आधी ठरवा. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवायचं. पोर्ट लुई ते क्यूरपीप मेट्रो मात्र उत्तम आहे. भारताच्या मदतीनं, लार्सन अँड टुब्रोनं बांधलेली. पहिला टप्पा २०१९ अखेर खुला झाला, क्यूरपीपपर्यंत २०२२ मध्ये पोहोचला.

खाण्याचं म्हणाल तर रस्त्यावरची ढोल पुरी पहिल्याच दिवशी खा. पुरणपोळीतून गूळ काढून हरभऱ्याची डाळ तशीच ठेवावी आणि पोळी आणखी पातळ लाटावी, तशी ही. ती नेहमी जोडीनं मिळते, आत पावट्याची आमटी, टोमॅटोचं रुगाय आणि लोणचं. ‘गातो पिमां’ म्हणजे डाळवडेच. उन्हात ‘आलूदा’ प्या, सब्जा घातलेलं गार दूध. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, पण चिनी पद्धतीच्या नूडल्समध्ये फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असतो, तेव्हा विचारून घ्या. “मो पा मांझ व्यान, पा मांझ प्वासों” एवढं क्रिओल पाठ केलं तरी मटण आणि मासे दोन्ही टळतात. लोकांची घरची भाषा क्रिओल, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, संसद आणि कचेऱ्या इंग्रजीत. आपलं इंग्रजी सगळीकडे चालतं, हिंदीही अनेकांना कळते.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात जाणार असाल तर एक सूचना. पांढऱ्या कपड्यांतले लाखो भाविक कावडी घेऊन पठारावरच्या गंगा तलावाकडे पायी निघतात. दृश्य विलक्षण असतं, पण त्या भागातले रस्ते तुंबतात. विमानतळाला जायला दुप्पट वेळ धरा.

थोडं आपल्या माणसांविषयी

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या वर भारतीय आले. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातले, काही मद्रासकडून, आणि काही मुंबई बंदरातून, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या गावांतून. ते ज्या पायऱ्या चढले तो आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसा आहे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. अर्धा दिवस ठेवा.

मराठी वंशज व्हाकवा, कास्कावेल या भागांत आजही एकवटून आहेत. घरात बोलतात क्रिओल, मराठी शिकतात शाळेत. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. तुमच्याशी बोलताना ते पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलतील. त्याला हसू नका, पाच-सहा पिढ्या आणि एक महासागर ओलांडून ते टिकलं आहे. कोकणातली जाखडी तिथे अजून नाचली जाते, मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात. गणेशोत्सवाला सरकारी सुट्टी असते, आणि ती बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. विसर्जनाची मिरवणूक पाहायची असेल तर तारीख तिथल्या कॅलेंडरवरून घ्या.

आपल्या घराण्यातलं कोणी तिकडे गेल्याची कथा घरात असेल तर महात्मा गांधी संस्थेतल्या भारतीय स्थलांतर अभिलेखागारात चौकशी करता येते. नोंदवह्यांत गाव, वय, जहाज आणि काही जणांची छायाचित्रंसुद्धा आहेत. सोबत गावाचं नाव आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव घेऊन जा. तिथे अनेकांच्या बाबतीत पूर्वजाचं पहिलं नावच पुढे आडनाव झालं, त्यामुळे आडनावावरून शोध लागणं कठीण.

पायरी ५: वर्षभर भाड्यानं राहा

निवृत्तीनंतर तिथे राहायचं मनात असेल तर पहिलं घर भाड्याचंच हवं, आणि मुक्कामात एक जानेवारी-फेब्रुवारी यायलाच हवा. जुलैमध्ये प्रत्येक बेट स्वर्ग वाटतं.

यासाठी २०२०मध्ये सुरू झालेला प्रीमियम व्हिसा सोयीचा आहे. मुदत एक वर्ष. अटी सरळ: उत्पन्न मॉरिशसबाहेरचं, आरोग्य विमा, आणि तिथे नोकरी करायची नाही. उत्पन्नाचा आकडा अर्जाच्या वेळी सरकारी संकेतस्थळावर पाहा.

घर बघताना गच्चीवर पाण्याची टाकी आहे का, ते आधी बघा. पाऊस लांबला की ऑक्टोबर ते डिसेंबर नळाला ठरावीक तासच पाणी येतं. पुणेकरांना हे नवीन नाही, पण ब्रोशरमध्ये ते नसतं. किनाऱ्यावरच्या घरात गंज आणि उकाडा, पठारावरच्या घरात ओल आणि बुरशी. संधिवात असेल तर क्यूरपीपचा नाद सोडा. मोका-रोझ हिलचा मधला पट्टा हवेला मध्यम, मेट्रो आणि दवाखाने जवळ. समुद्र दिसत नाही, पण रोजचं जगणं तिथे सोपं जातं.

या वर्षात महिन्याचा खर्च लिहून ठेवा. भाजी-मासळी परवडते. चीज, बिस्किटं, गाडी, वीजउपकरणं, म्हणजे जहाजानं येणारं सगळं महाग, वर १५ टक्के मूल्यवर्धित कर.

पायरी ६: दहा वर्षांचा परवाना

पन्नाशी पूर्ण केलेल्या परदेशी व्यक्तीला निवृत्त रहिवासी म्हणून दहा वर्षांचा परवाना मिळतो. अर्ज तिथल्या आर्थिक विकास मंडळाच्या ऑनलाइन यंत्रणेतून. जोडीदाराला अवलंबित म्हणून नेता येतं. मुख्य अट अशी की ठरावीक रक्कम परकी चलनात तिथल्या बँक खात्यात आणत राहायची. २०२०नंतर काही वर्षं ती महिन्याला १,५०० डॉलर होती. अर्थसंकल्पात ती बदलते, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा आकडा धरा. नोकरी करता येत नाही.

आता पेन्शनधारकांनी इथे थांबून गणित करावं. पेन्शन रुपयांत येते आणि अट डॉलरमध्ये आहे. २०१५च्या सुरुवातीला डॉलर साधारण ६३ रुपयांना होता, म्हणजे १,५०० डॉलर सुमारे ९५ हजार. २०२५च्या सुरुवातीला तो ८६च्या आसपास, म्हणजे १ लाख २९ हजार. अट तीच, बोजा तिसऱ्या हिश्शानं वाढला. पुढच्या दहा वर्षांचं नियोजन करताना आजच्या दरानं हिशेब करणारा माणूस सातव्या-आठव्या वर्षी अडचणीत येतो.

कागदपत्रांत मराठी घरांना हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे बायकांची नावं. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर बदललेलं पहिलं नाव, पासपोर्टवर तिसरंच. हे इथे असतानाच राजपत्रात किंवा प्रतिज्ञापत्रानं जुळवून घ्या. मराठीतल्या दाखल्यांचं अधिकृत इंग्रजी भाषांतर करून घ्या. वैद्यकीय तपासणीही द्यावी लागते.

पायरी ७: भारताकडची बाजू

निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. शिक्षण-उपचार सोडून इतर बहुतेक कारणांसाठी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो.

तिकडे स्थायिक झालात की तुम्ही अनिवासी. मग साधी बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची रुपयांतली खाती, करून घ्यावी लागतात, वरची सवलत संपते आणि एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेण्याचे वेगळे नियम लागतात. मॉरिशसमध्ये वर्षात १८३ दिवस राहिलात की तिथल्या करकायद्यात तुम्ही रहिवासी. कोणत्या पेन्शनवर कुठे कर, हे दोन्ही देशांच्या करारावर ठरतं. निघण्याआधी सीएकडे एक बैठक घ्या, नंतर फोनवर नाही.

पायरी ८: दुखणीखुपणी

सरकारी दवाखाने नागरिकांना मोफत आहेत. परदेशी रहिवासी बहुधा खासगी रुग्णालयांत जातात, आणि ती मोका-फ्लोरियल-पोर्ट लुईच्या पट्ट्यात आहेत. दक्षिण किनाऱ्याच्या टोकाला घर घेणाऱ्या हृदयरुग्णानं हे अंतर रात्री एकदा गाडीनं मोजावं. मोठ्या, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी तिथले लोकच भारतात येतात, तेव्हा इथला आरोग्य विमा बंद करू नका. साठीनंतर तो तुटला की पुन्हा मिळणं अवघड. रुग्णवाहिकेसाठी ११४, पोलिसांसाठी ९९९. मलेरिया नाही, पण डेंग्यू आणि चिकुनगुन्या येऊन-जाऊन असतात. कुंड्यांत पाणी साचू देऊ नका.

पायरी ९: विकत घ्यायचंच असेल तर

परदेशी माणसाला हवी ती जमीन घेता येत नाही. ठरावीक सरकारमान्य प्रकल्पांतच घर घेता येतं, आणि किमान ३,७५,००० डॉलरच्या घरावर मालकी असेपर्यंत राहण्याचा परवाना मिळतो. वरची २,५०,००० ची मर्यादा आठवा: एकट्याच्या नावावर एका वर्षात हे बसत नाही. नवरा-बायको मिळून किंवा दोन आर्थिक वर्षांत विभागून हप्ते बांधावे लागतात, आणि ते बिल्डरच्या करारात आधीच लिहून घ्यावं लागतं. तळमजला अधिक दोन मजले किंवा त्याहून उंच इमारतीतला फ्लॅट किमान ६० लाख मॉरिशस रुपयांना घेता येतो, पण तेवढ्यावर राहण्याचा हक्क मिळत नाही. ही गोष्ट विक्रेते पुटपुटत सांगतात.

व्यवहार नोटरीसमोर होतो. आपल्याकडच्या कोर्टाबाहेर शिक्का मारणाऱ्या नोटरीशी त्याची तुलना करू नका. फ्रेंच पद्धतीतला हा कायद्याचा जाणकार संपूर्ण खरेदीखताची जबाबदारी घेतो. मॉरिशसचा दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आहे, आणि शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. या फ्रेंच वळणाचा परिणाम वारसाहक्कावर होतो. तिथल्या स्थावर मालमत्तेत मुलांचा राखीव वाटा असतो, मृत्युपत्रानं सगळं घर एकट्या जोडीदाराच्या नावे करता येईलच असं नाही. वारसा कर नाही, हे खरं. पण मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात आणि घर तामारेंला असेल तर सह्यांसाठी सगळ्यांना धावावं लागतं. म्हणून खरेदीखताच्या मसुद्याबरोबरच, त्याच नोटरीकडून, तिथल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र करून घ्या आणि त्याची प्रत मुलांकडे आताच देऊन ठेवा.